२५ डिसेंबरला नक्की कोणाचा बड्डे असतो?

कोथरूडचा_काका

मंडळी, डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच ढकलपत्र फिरतं, की ख्रिसमस मुळात ख्रिश्चनांचा नाहीच, तो रोमन लोकांचा सूर्याचा सण, चर्चने ढापला वगैरे, आणि खाली दहा जणांचे अंगठे. यंदा मी ते जेवताना मोठ्याने वाचायची चूक केली. लेक सातवीत आहे, ती म्हणाली बाबा म्हणजे २५ डिसेंबर सूर्याचा बड्डे का? म्हटलं हो, तसं मानायचे ते लोक. मग सूर्याच्या आधी काय होतं? आणि त्याच्याही आधी? आमटी गार झाली पण ती काही सोडेना, शेवटी आई म्हणाली आता गिळा.

तर विचारायचं असं की ते ढापलं प्रकरण कितपत खरं? आणि "सगळ्याच्या आधी काय" याला सातवीतल्या पोरीला पटेल असं काय सांगायचं? देवाने केलं म्हटलं तर देव कोणी केला हा पुढचा प्रश्न तिच्याकडे रेडी आहे.

जुनी_वही

अर्धं खरं आहे, म्हणूनच ढकलपत्र चालतं.

खरं काय ते आधी. रोमचा बादशहा ऑरेलियन याने इ.स. २७४ मध्ये सोल इन्व्हिक्टस म्हणजे "अजिंक्य सूर्य" या देवाचं मोठं देऊळ उभारलं. मग ३५४ सालची एक रोमन दिनदर्शिका आहे, तिच्यात २५ डिसेंबरला "अजिंक्याचा जन्मदिवस" अशी नोंद सापडते. पण गंमत म्हणजे त्याच वहीत दुसऱ्या यादीत २५ डिसेंबरलाच येशूचा बेथलेहेममध्ये जन्म असंही लिहिलंय. दोन्ही एकाच बाडात! म्हणजे कोणी कोणाचं उचललं हे त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. दुसरा एक पक्ष म्हणतो की चर्चवाल्यांनी हिशेब केला होता, येशूचा मृत्यू २५ मार्चचा धरला, गर्भधारणाही त्याच तारखेची मानली, त्यात नऊ महिने मिळवले की झालं २५ डिसेंबर. पूर्वेकडे तो हिशेब ६ एप्रिलपासून धरला तर ६ जानेवारी येते, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच साजरा करतं. मला स्वतःला हा हिशेब जास्त पटतो, पण सूर्याचा काहीच संबंध नाही असंही म्हणवत नाही.

रोमन लोकांतल्या मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा हे जे फॉरवर्डात असतं त्याला जुना पुरावा नाही, ते सोडून द्या. सॅटर्नेलिया मात्र खराखुरा सण, १७ डिसेंबरपासून पुढे काही दिवस, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट द्यायचे, मालक गुलामांना जेवू घालायचे. आणि ख्रिसमसच्या झाडाला तर लोक उगाच प्राचीन म्हणतात, सजवलेल्या झाडाच्या नोंदी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, त्याही जर्मन भाषिक भागातल्या.

अजून एक, ढापल्याचा आरोप सगळ्यात जोरात केला तो प्युरिटन पंथाच्या कट्टर ख्रिश्चनांनीच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. तुमच्या ग्रुपवाल्यांना सांगा, तुमचे पूर्वज प्युरिटन निघाले म्हणून.

रिकामटेकडा_७७

वाचनखूण साठवली आहे. आमच्या ग्रुपवर चिकटवतो, बघू किती जण लेफ्ट होतात.

निर्मळचा_पोरगा

मी वसईचा, कुपारी, म्हणजे इथल्या कॅथलिक समाजातला. हा धागा बघून राहवलं नाही.

आमच्याकडे ख्रिसमस कोणी म्हणत नाही, नाताळ, तो शब्दच पोर्तुगीज, नाताल म्हणजे जन्म. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. आता आमच्या घरी नाताळला नेवऱ्या होतात, आणि नेवरी म्हणजे काय तर करंजी! दारात कंदील लागतो, तुमचा दिवाळीचा आणि आमचा नाताळचा, कागद तोच बांबू तोच, आमचा चांदणीच्या आकाराचा एवढंच. मग काय, आम्ही करंजी ढापली का? अहो ज्या बाईने बाप्तिस्मा घेतला तिला आधीपण करंजीच येत होती, नंतर दुसरं काय करणार होती ती. मला वाटतं रोममध्ये पण असंच झालं असेल, दुसऱ्याचा सण पळवायला कोणी बाहेरून आलंच नाही, तीच माणसं धर्म बदलून डिसेंबरात तशीच दिवे लावत राहिली. हे "ढापला" म्हणणारे लोक त्या माणसांना मोजतच नाहीत.

बाकी लेकीला घेऊन या एकदा वसईला, गव्हाणी म्हणजे येशूजन्माचे देखावे बघायला.

टेलिस्कोपवाला

+१ निर्मळकर. काका, दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

पहिले बड्डे. सूर्य अंदाजे ४६० कोटी वर्षांचा, विश्व अंदाजे १३८० कोटी, म्हणजे सूर्य उशिरा आलेला पाहुणा. २५ डिसेंबर हा त्याचा "वळायचा" दिवस, रोमन पंचांगात दिवस मोठा व्हायला लागण्याची ती ठरलेली तारीख, प्रत्यक्षात सूर्य तोवर काही दिवस आधीच वळलेला असायचा. आपली संक्रांतही अशीच, सतराशे वर्षांपूर्वी ती खऱ्या उत्तरायणाच्या आसपास यायची, आता सरकत १४ जानेवारीला गेलीय. तिळगूळ देताना हेही सांगा तिला.

आता "आधी काय". विश्व एका आरंभापासून पसरत आलंय ही कल्पना मांडली कोणी, तर जॉर्ज लमेत्र नावाच्या बेल्जियन कॅथलिक पाद्र्याने, १९२७ आणि १९३१ मध्ये. आणि त्याला "बिग बँग" हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर दिलं ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने, ज्याला ती कल्पना मान्यच नव्हती. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू, नारळीकरही शेवटपर्यंत या आरंभाला तयार झाले नाहीत. १९५१ मध्ये पोपने या सिद्धांताचा बायबलातल्या "प्रकाश होवो"शी संबंध जोडला तर लमेत्र पाद्री असून अस्वस्थ झाला, त्याचं म्हणणं विज्ञान चुकलं तर श्रद्धेला त्यात अडकवू नका, आणि उलटंही नको. पुरावा १९६४-६५ मध्ये मिळाला, पेन्झियास आणि विल्सन या दोन संशोधकांच्या अँटेनात येणारी खरखर जाईना, ती त्या सुरुवातीच्या उष्णतेची शिल्लक निघाली. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यातला अगदी थोडा भाग तोच. लमेत्रला हे कळलं १९६६ मध्ये, जाण्याच्या जरा आधी.

त्याच्या आधी काय, तर "आधी" हा शब्दच तिथे लागू पडतो का हेच नक्की नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की वर बसून बघणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल. मुलीला सरळ सांगा, माहीत नाही. मुलांना ते चालतं, आपल्यालाच चालत नाही.

कोथरूडचा_काका

सगळ्यांचे आभार, निर्मळकर तुमचे जास्त. काल रात्री वाचून दाखवलं. माहीत नाही म्हटल्यावर खरंच चाललं तिला. मुंग्यांवर मात्र अडकली, तिने मुंग्यावाला टीव्ही बघितलेलाच नाही, आता माळ्यावरचा पोर्टेबल काढायला लावलाय. आणि लमेत्रचा वाढदिवस शोधून कालनिर्णयवर १७ जुलैच्या चौकोनात लिहून ठेवलाय, तिथे आईने आधीच गॅस सिलिंडरचा नंबर लावल्याचं लिहिलं होतं म्हणून दोघींची जुंपलीय.