मार सोसून आलेल्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना कागदाला घाबरावं का?

प्राजक्त: माझी भाची 24 वर्षांची. लग्नाला दोन वर्षं, त्यातलं दीड वर्ष मार. आता माहेरी आलीये. कडी वाजली तरी दचकते, रात्री तीनला उठून बसते, भाकरी थापता थापता हात थांबतो. मी म्हणते, डॉक्टरला दाखवू. भावजय म्हणते, "कागद झाला की पोरीला कोर्टात वेडी ठरवतील." तुम्ही काय कराल?

माणदेशी: भावजयीचं बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. माझ्या चुलतबहिणीच्या झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी समोरच्या वकिलाने पुढे केली होती. हात उचलला त्याने आणि तपासणी हिची! आधी तक्रार, पोटगी, नोकरी. मन आपोआप सावरतं.

केवडा: कलम अर्धंच सांगितलंत. नुसत्या निदानावर घटस्फोट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलंय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय आहे. आणि 'आपोआप' म्हणू नका हो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2013 चा अहवाल सांगतो, जोडीदाराचा मार सोसलेल्या बायकांना नैराश्य येण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते. न झोपलेली मुलगी तक्रार तरी कशी लढवणार?

माणदेशी: बहीण हरली नाही. पण आपण वेडी नाही हे पटवून देण्यात तिची दोन वर्षं गेली. तुमचा 1988 चा निकाल तेव्हा तिच्या उशाशी नव्हता.

केवडा: हे खरंय, आणि वाईट वाटलं वाचून. म्हणूनच चिठ्ठीवर नुसतं 'निद्रानाश' नको. तो कशामुळे, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळसुद्धा हिंसाच आहे, म्हणजे तोच कागद तिच्या बाजूने बोलेल. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याचसाठी. मारहाण झालेल्या बाईला दवाखान्यातच समुपदेशन मिळावं, कायद्याची वाटही तिथेच कळावी.

रानजाई: तोवर 14416 ला फोन करा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मोफत आहे, मराठीत बोलतात.

प्राजक्त: इतके दिवस आम्ही दोघीच भांडत होतो, भाचीला विचारलंच नव्हतं. आज विचारलं. म्हणाली, "आत्या, कोर्टाचं नंतर बघू. मला आधी झोप हवीय." गुरुवारी नेतेय. भावजयही येतेय, नोंद नीट लिहून घ्यायला.