मातीची भिंत पडली, जमीन भाटकाराची: आवास योजनेत आमचं नाव लागेल का?

पडवी (डिचोली तालुका)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची; आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौलं, दोन खोल्या आणि पडवी. यंदा जुलैत न्हाणीकडची भिंत रात्री खाली आली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, ओली माती धपकन बसली एवढंच. सासूबाई रोज त्याच भिंतीकडे डोकं करून निजतात. त्या रात्री उकडतं म्हणून पडवीत आल्या होत्या. आता तिथे निळी ताडपत्री बांधली आहे. वाऱ्याने ती फडफडली की त्या उठून बसतात.

मिस्टर खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मार्च 2018 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हापासून मिळेल ते काम करतात. मी काजूच्या फॅक्टरीत जाते.

आवास योजनेची चौकशी केली तर एकाने सांगितलं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तुमचं नाव नाही, विषय संपला. दुसरा म्हणाला, छपराला कौलं आहेत म्हणजे घर पक्कं. मागच्या सर्वेक्षणाच्या वेळी तर दारात स्कूटर दिसली म्हणून नावच घेतलं नव्हतं. केंद्राचे ते 1 लाख 20 हजार मुंडकाराला मिळतात की नाही? आणि आम्ही सुरुवात कुठून करायची?

सत्तरीकर

ताई, आधी सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवा. एक भिंत भिजून बसली म्हणजे तिला लागून असलेल्या भिंतीनेही पाणी प्यायलेलं असतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या सासऱ्यांनी मुंडकार म्हणून नोंद केली होती का, हे मामलेदार कचेरीत जाऊन शोधा. 1975 चा मुंडकार कायदा आहे, त्याखाली मुंडकारांची नोंदवही ठेवतात. नोंद झाली की आपल्या लोकांना वाटतं, झालं काम. माझ्या बाबांनाही तसंच वाटलं होतं. तो कागद त्यांनी रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत वीस-बावीस वर्षं जपला. पण नोंदीने फक्त कोणी हुसकावून लावू शकत नाही. जागा नावावर व्हायची असेल तर खरेदीचा वेगळा अर्ज मामलेदारांकडे करावा लागतो. पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंतची जागा अशी विकत घेता येते.

मी तो अर्ज 2011 साली केला. भाटकार वारलेले, वारस सात, त्यांतले तिघे पोर्तुगालात. प्रत्येकाला नोटीस पोचायला हवी. एकाचा पत्ता चुकला की पुढची तारीख. मोजणीचा दिवस मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आई सकाळपासून फणसाखाली उभी होती. फणस आत येतो की बाहेर जातो, एवढंच तिला बघायचं होतं. आला आत. त्यानंतर उताऱ्यावर नाव चढायला आणखी दीड वर्ष गेलं. तेवढ्यात आई गेली.

म्हणून सांगतो, योजनेचे पैसे येतील तेव्हा येतील, खरेदीचा अर्ज याच महिन्यात घाला.

निवृत्त पंचायत सचिव

सुनबाई, तुम्हाला जे तोंडी सांगितलं गेलं त्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं अर्धवट.

कौलांचं आधी सांगतो, कारण यात आपल्या गोव्याच्या गरिबांवर खरोखर अन्याय झाला आहे. ग्रामीण आवास योजनेची पहिली यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून घेतली. एक तर बेघर, नाही तर भिंतही कच्ची, छप्परही कच्चं आणि खोल्या दोनपर्यंत, अशीच कुटुंबं तिच्यात बसत होती. हाताने घडवलेलं कौल त्या गणनेत कच्चं, यंत्रावर केलेलं पक्कं. आपल्याकडे मंगळुरी कौलं तर ज्याला दोन वेळचं जेवण कठीण त्याच्याही घरावर असतात, कारण इथल्या पावसात गवताचं छप्पर धरत नाही. कौलाखालचे वासे वाळवीने पोखरलेले असले तरी कागदावर छप्पर पक्कं. मी माझ्या हाताने असे रकाने भरले आहेत. त्या घरांत नंतर जायला मला जड जायचं.

स्कूटरची अट आता नाही. 2024 मध्ये नियम बदलले. वगळण्याच्या 13 अटींच्या 10 झाल्या, दुचाकी आणि फ्रीज त्यांतून गेले, आणि महिना 10 हजारांची उत्पन्नाची मर्यादा 15 हजारांवर आली. ही मर्यादा घरातल्या एकेका माणसाच्या कमाईला आहे, तुमची दोघांची बेरीज करून कोणी सांगितलं तर मानू नका. शिवाय ते 1 लाख 20 हजार एकट्या केंद्राचे नाहीत. 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे, आणि तेही हप्त्यांनी, बांधकामाचे फोटो चढतील तसे.

जमीन नाही म्हणून नाव काढावं असं योजनेत कुठेच नाही. भूमिहीनाला जागा मिळवून द्यायची जबाबदारी मार्गदर्शक तत्त्वांनी राज्यावरच टाकली आहे. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, ग्रामसभेत विषय मांडा.

आणि तलाठ्याकडून पडझडीचा पंचनामा झाला का? आपत्तीची मदत मामलेदारांमार्फत मिळते, तिचा आवास योजनेशी संबंध नाही. ती भिंत बांधायलाही हरकत नाही. जोतं न वाढवता दुरुस्ती करायचा हक्क मुंडकाराला कायद्यानेच दिला आहे.

पेडण्याचा, सध्या पर्वरीत

माझा प्रश्न शहरातला आहे, पण दुखणं तेच. 1 सप्टेंबर 2024 पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात कर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचं अनुदान आहे, पाच हप्त्यांत. पण घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी. मी पर्वरी, म्हापसा, थिवी सगळीकडे फिरलो. कागदपत्रं नीट आणि किंमतही त्या आत, असा एक फ्लॅट मला मिळाला नाही. भाड्याची खोलीसुद्धा ऑक्टोबरात सोडायला लावतात, कारण तीच खोली पर्यटकांना दिवसावर जाते. त्याच टप्प्यात भाड्याच्या घरांचाही एक भाग आहे. गोव्याने त्यावर जोर द्यायला हवा. पणजीत काम करणाऱ्या पेडणे-सत्तरीच्या पोरांना आज तेच हवं आहे. ताई, तुमच्या पायाखालची जागा सोडू नका.

पडवी (डिचोली तालुका)

सगळ्यांचे आभार. काका, पंचनामा मंगळवारी झाला. काल मामलेदार कचेरीत गेले होते. तिथल्या एका बाईंनी दुपारचं जेवण बाजूला ठेवून जुनी नोंदवही काढली आणि सासऱ्यांचं नाव सापडलं. 1983 ची नोंद. खरेदीचा अर्ज मात्र कधी झालेलाच नाही. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांनी मला सांगितलं होतं की घर आपलं झालं.

अर्ज सोमवारी घालतोय. पंचायतीतही लेखी देतोय. गवंड्याला विचारलं तर एक चिरा दारात पडेपर्यंत 55 रुपये म्हणतो. तरी दिवाळीपूर्वी निदान ती एक भिंत उभी करावी असं चाललंय. सत्तरीकर दादा, तुमच्याकडे मोजणी भिंतीपासून झाली की वळचणीपासून?

सत्तरीकर

भिंतीपासून. टेपचं टोक मीच धरलं होतं. म्हणून ऐका ताई, पडलेली माती उपसाल तेव्हा खालच्या जोत्याचे चिरे अजिबात हलवू नका. गवंडी म्हणेल जरा आत घेऊ, सरळ येईल. घेऊ देऊ नका. माती काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.