काडातली साखर आठ तासांनी ठप्प, आणि नंतर चक्क कमी!

काडीमोड:
गव्हाचं काड मिक्सरमधून बारीक केलं. त्यातल्या सेल्युलोजची साखर करायची आहे. ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी सात दिवस वाढवली, मलमलच्या कापडातून गाळली आणि ते एन्झाइमचं पाणी काडावर ओतलं. ५० अंश सेल्सिअस, पीएच ४.८, शेकर चालू. हेच पाणी गाळणकागदाच्या पट्टीवर घातलं की पट्टी विस्कटते, म्हणजे एन्झाइम चांगलं आहे. काडावर मात्र आठ तास साखर वाढते आणि मग ठप्प. २४ तासांना तेवढीच, ४८ तासांना त्याहून कमी! डीएनएसनेच मोजतेय (साखरेच्या मोकळ्या टोकाशी रंग देणारं रसायन). गाइड म्हणतात, एन्झाइम दुप्पट कर. करू का?

ओलाकापूस:
अजिबात नको. गाळणकागद म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, तिथे सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) सहज शेर होतं. काडात सेल्युलोजचे धागे हेमिसेल्युलोजमध्ये (दुसऱ्या साखरसाखळ्यांत) गुरफटलेले आणि लिग्निनने, म्हणजे काडाला कडक करणाऱ्या चिवट पदार्थाने, लिंपलेले असतात. मिक्सरने तुकडे लहान होतात, लिंपण तसंच राहतं. वर लिग्निनला एन्झाइम चिकटून बसतं, त्यामुळे दुप्पट घातलंत तरी बरंचसं वायाच जाणार.

आधी १-२ टक्के कॉस्टिक सोड्यात काड ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत शिजवा), १२१ अंशांवर अर्धा तास. काळपट चहासारखं पाणी सुटेल, लिग्निन त्यातच जातं. मग धुवा, धुवा आणि धुवा. मी एकदा धुण्याचा कंटाळा केला. उरलेल्या सोड्यापुढे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) हरला आणि दोन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. आणि धुतलेलं काड ओव्हनमध्ये कडक वाळवू नका, बारीक छिद्रं मिटतात. ओलंच घ्या, ओलावा वेगळा मोजा.

अर्धीसाखर:
वरचं सगळं पटलं, पण साखर *कमी* कशी होईल? कोणीतरी खातंय. शेकर रात्रभर चालू असतो का?

काडीमोड:
नाही हो, संध्याकाळी लॅबची वीज बंद करतात. सकाळी परत लावते.

अर्धीसाखर:
मग चोर सापडला! मलमलीतून बीजाणू आरामात जातात. ५० अंशांवर ते गप्प बसतात, रात्री फ्लास्क गार झाला की उठतात. तुमचीच बुरशी तुमची साखर खातेय. बाय द वे, ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याच्या सुती सामानाची नासाडी करताना सापडलेली. तिचा रस तुम्ही सुती कापडातून गाळताय, धन्य आहे :)

सेंट्रिफ्यूज करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. आणखी एक: ट्रायकोडर्मात बीटा-ग्लुकोसिडेज (सेलोबायोज तोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम) कमी पडतं. मग सेलोबायोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी, साठतं आणि सेल्युलेजचाच हात धरून थांबवतं. शिवाय डीएनएसला सेलोबायोजचं एकच टोक दिसतं, म्हणजे दोन ग्लुकोज जोडलेले असूनही साखर कमीच वाटते. ॲस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज थोडं घालून बघा.

काडीमोड:
थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला. हिरवट बीजाणूंची नुसती जत्रा! फिल्टर करून तेच जुनं काड लावलं, या वेळी वीज चालू ठेवायची परवानगी काढली. ४८ तासांना साखर घसरली नाही. वाढलीही फारशी नाही, म्हणजे ओलाकापूस यांचं लिग्निन अजून आहेच. उद्या कॉस्टिक सोडा. आणि हो, मलमलीला खरंच भोकं पडली होती, मला वाटलं जुनी झाली.