‘व्हेटरन’ला मराठीत काय म्हणावं?

सोनचाफा: एका किशोरकथेचा अनुवाद करते आहे. काळ इसवी सनाचं पहिलं शतक, जागा ऱ्हाइनकाठची एक खाणावळ. पन्नाशीचा एक माणूस आत येतो. हत्यार नाही, चिलखत नाही, तरी खाणावळवाली त्याला बघताक्षणी ओळखते, की हा रोमन ‘व्हेटरन’. मी लिहिलं, ‘हा माजी सैनिक आहे हे तिने ओळखलं.’ आईने कच्चा खर्डा वाचला आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाली, माजी सैनिक हा अर्जातल्या रकान्यातला शब्द. माणूस बघून तो कुणाच्या तोंडून निघत नाही. मला पटलं, पण दुसरा शब्द सापडेना. ‘निवृत्त सैनिक’ त्याच वळणाचा. ‘जुना शिपाई’ म्हटलं तर मुलांना कचेरीतला शिपाई दिसेल.

कृष्णाकाठ: आईंचं खरं आहे. आमच्या सातारकडे अपशिंगे मिलिटरी असं गावाचंच नाव आहे, पण ‘माजी सैनिक’ कोणी कुणाला म्हणत नाही. फौजी म्हणतात, पेन्शनर म्हणतात, नाहीतर हुद्दा. हवालदार असेल तर मरेपर्यंत हवालदार. माझे वडील 17 वर्षं पलटणीत होते. घरी आल्यावरही चपला काढल्या की टाचा भिंतीला लावूनच ठेवायचे. जेवण पाच मिनिटांत, ताटात शीत राहायचं नाही. कुणी हाक मारली की आधी उभे राहायचे, मग ‘ओ’ द्यायचे. आजी त्यांच्याबद्दल सांगायची, ‘नाव कापून आला.’ हे वापरा की: फौजेतून नाव कापून आलेला.

शब्दनिष्ठ: नाव कापणे म्हणजे हाकलणे. फी भरली नाही म्हणून शाळेतून नाव कापलं, असं आपण म्हणतो. सन्मानाने घरी आलेल्या माणसाला हे लावणं अन्याय आहे. शिवाय फौज अरबीतून आला, पेन्शनर इंग्रजीतून. ‘सेवामुक्त योद्धा’ स्वच्छ आहे, अर्थही पूर्ण देतो.

कृष्णाकाठ: कर्ता बघा ना. शाळेत नाव मास्तर कापतात. ‘नाव कापून आला’ यात तो स्वतः कापून येतो. आजीच्या बोलण्यात अपमान कधीच नव्हता. तिच्या लेखी तो दिवस सणाचा होता. आणि ‘सेवामुक्त योद्धा’ असं कोणती खाणावळवाली म्हणेल?

दूरदेशी: मी जर्मनीत ऱ्हाइनकाठी कलोनला राहतो, म्हणून या विषयात जीव गुंतलेला आहे. तुमचा वाद लॅटिनमध्येही आहे. सुटीला शब्द एकच, ‘मिसिओ’, म्हणजे पाठवणी. पण तिचे प्रकार तीन. मुदत भरून मानाने सुटला तर ‘होनेस्ता’, जखमेने किंवा आजाराने सोडलं तर ‘काउसारिया’, गुन्ह्यामुळे काढलं तर ‘इग्नोमिनिओसा’. तेव्हा नुसतं ‘सुटला’ म्हणून भागत नाही. लीजन म्हणजे रोमन नागरिकांची मोठी पलटण. तिच्यातून मानाने सुटलेल्या शिपायाला ऑगस्टस बादशहाच्या काळात 12,000 सेस्टर्स (रोमन नाणी) तरी मिळत, किंवा जमीन. त्यासाठी इ.स. 6 मध्ये वेगळा लष्करी खजिना काढला होता. नागरिक नसलेल्या साहाय्यक तुकड्यांतल्यांना साधारण 25 वर्षांनी नागरिकत्व मिळे, आणि त्याचा दाखला कांस्याच्या दोन पत्र्यांवर कोरून देत. पत्रे तारेने बांधलेले, वर सात साक्षीदारांच्या मोहरा. आपल्या ताम्रपटाचा भाऊच म्हणा.

आता ओळखण्याबद्दल. इथे पोब्लिकियस नावाच्या व्हेटरनची जवळजवळ 15 मीटर उंचीची समाधी आहे, पहिल्या शतकातली. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा तलवार-ढाल शोधत होतो. पुतळ्याच्या अंगावर टोगा, म्हणजे नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र! शिपाईपण शिलालेखात: पाचव्या ‘अलाउदाए’ लीजनचा व्हेटरन. अलाउदाए म्हणजे चंडोल पक्षी. म्हणजे सुटल्यावर त्याला स्वतःला कसं दिसायचं होतं ते बघा.

सोनचाफा: मग माझी खाणावळवाली ओळखते कशावरून? मूळ कथेत नुसतं ‘तिने ओळखलं’ एवढंच आहे.

दूरदेशी: नोकरीतल्या शिपायाची खूण म्हणजे कंबरपट्टा. शिक्षा म्हणून तो काढायला लावून उभं करत. सुटलेल्याकडे उरतं ते शरीर. इ.स. 14 मध्ये याच ऱ्हाइनकाठी बंड झालं, तेव्हा म्हातारे शिपाई सेनापती जर्मानिकसचा हात मुका घेण्याच्या निमित्ताने धरायचे आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घालायचे, बोळक्या हिरड्या कळाव्यात म्हणून. मुदत 20 वर्षांची ठरलेली, तरी त्यांना अडकवून ठेवलं होतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे लिहिलंय. ते वाचल्यापासून मला चिलखतातले तरणेबांड रोमन खोटे वाटतात.

हेड्रियनची गोष्टही सांगतात. स्नानगृहात एक म्हातारा भिंतीला पाठ घासताना दिसला. फौजेतली ओळख होती. विचारलं तर म्हणाला, पाठ घासायला गुलाम नाही. बादशहाने गुलाम दिले आणि त्यांच्या पोटाचा खर्चही. दुसऱ्या दिवशी बरेच म्हातारे भिंतीला पाठ घासू लागले, तर त्याने सांगितलं, एकमेकांची घासा.

शब्दनिष्ठ: मुद्दा भरकटतोय. ‘व्हेटेरानुस’ फक्त सुटलेल्याला म्हणत का? माझ्या वाचनात सीझरच्या मुरलेल्या, नोकरीत असलेल्या पलटणींनाही तेच विशेषण येतं. कोऱ्या रंगरुटाच्या उलट. मग ‘मुरलेला’ किंवा ‘कसलेला’ का नको? दोन्ही अस्सल मराठी.

दूरदेशी: दोन्ही अर्थ आहेत, बरोबर. नुसत्या सुटलेल्यासाठी ‘एमेरितुस’ होता, सेवा भरून हक्क मिळवलेला. स्पेनमधलं मेरिदा शहर इ.स.पू. 25 मध्ये अशाच शिपायांसाठी वसवलं, नाव एमेरिता ऑगुस्ता. आपण एमेरिटस प्राध्यापकांना ‘गुणश्री’ म्हणतो, त्याच्या मुळाशी हा शिपाई आहे.

शब्दनिष्ठ: गुणश्री शिपाई! मला आवडेल. सोनचाफा, विचार करा.

कृष्णाकाठ: आणि मुलं तळटीप वाचत बसतील? ‘मुरलेला’ लोणच्याला, गवयाला आणि पुढाऱ्यालाही लागतं. त्यात फौज कुठे आहे?

गोधन: मी जनावरांचा डॉक्टर. तुमच्या शब्दाचं मूळ आमच्या गोठ्यात आहे. लॅटिन ‘व्हेटुस’ म्हणजे जुना, आणि त्याचं मूळ ‘वर्ष’ या अर्थाच्या धातूत धरतात. त्याच मुळाचे आपले संवत्सर आणि वत्स. वत्स म्हणजे वर्षाचं पिल्लू, त्यातून वासरू. व्हेटरनने वर्षं भरलेली, वासराचं पहिलंच चाललेलं. कॉलेजात हे कळलं त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं होतं.

कृष्णाकाठ: म्हणजे वासरू आणि व्हेटरन चुलतभाऊ? वडील असते तर त्यांना सांगितलं असतं. म्हैस व्यायली की रात्रभर गोठ्यात बसायचे, पहारा दिल्यासारखे.

सोनचाफा: खाणावळवालीच्या तोंडी सध्या असं घातलंय: ‘हा पलटणीतला. दाराकडे पाठ करून बसला नाही.’ पलटण चालेल ना?

शब्दनिष्ठ: पलटण शब्द युरोपीय लोकांबरोबर आला. रोमनांना तो लावणं मला खटकेल. आणि गोधन, वत्स वर्षाचा हे मान्य, पण आमच्या विदर्भात दोन वर्षांच्यालाही वासरू म्हणतात.

गोधन: आमच्याकडे नाही. वर्ष उलटलं की गोऱ्हा, मादी असेल तर कालवड. दोन वर्षांच्याला वासरू नेमकं कुठल्या तालुक्यात म्हणतात, सांगाल का?