मदत हवी आहे: रौप्यमहोत्सवी नाणं हिरवं पडलंय

पांथस्थ: स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं नाणं आहे. आज बघतो तर हिरवं. कशाने निघेल? शनिवारी एकांना दाखवायचंय, लवकर सांगा.

नाणेघाट: कुठलं? १९७२ ला दहा रुपयांचंही निघालं आणि पन्नास पैशांचंही. दहाचं ३९ मिमी, निम्मी चांदी. पन्नास पैसे तांबं-निकेलचं. आणि हिरवं म्हणजे चिकट की कोरडं, खरखरीत? ठेवलं कशात होतं?

चिंचोका: चिंच लावा हो, दोन मिनिटांचं काम. भांडी निघतात मग नाणं का नाही?

नाणेघाट: भांडं कोणी भिंगाखाली धरत नाही. आंबटाने वरचं तांबं विरघळतं, चांदी पांढरट नि मंद दिसते. टांकसाळीची झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

पांथस्थ: दहाचंच. चिकट आहे. अल्बममध्ये होतं.

नाणेघाट: मग कळंक नाही, अल्बमच्या मऊ प्लास्टिकचा (पीव्हीसीचा) पाझर आहे. शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल नि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडवून, झाकून अर्धा तास ठेवा. मग दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये. कापसाने घासायचं नाही, काठाला धरून उभं वाळवायचं. खिडकी उघडी, गॅस बंद.

तराजू: खरं आहे का ते आधी बघा. हवेतलं वजन भागिले पाण्यात टांगल्यावर घटलेलं वजन. साडेनऊच्या जवळ यायला हवं. तांबं-निकेल असेल तर नऊच्याही खाली. छापलेल्या सालाखाली शंकरपाळ्यासारखी खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, काहीच नसेल तर कोलकात्याची.

पांथस्थ: खरं-खोटं विचारलंच नाही मी.

हौशी: वैष्णोदेवीच्या पाचच्या नाण्याचे लाखो मिळतात ना? कुणाला विकू?

चिंचोका: 'आधी नोंदणी फी भरा' म्हणणाऱ्याला तर नकोच. शुद्ध फसवणूक.

पांथस्थ: हिरवं गेलं. काठाशी, सालाच्या बाजूला एक काळपट ठिपका राहिलाय. पुन्हा बुडवू?

नाणेघाट: नखाला लागतोय का? लागत असेल तर धातू खाल्लाय, तो खड्डा कशानेच भरणार नाही. चांदी उजळायच्या द्रावणात तर अजिबात नको. तसंच दाखवा, नि तो अल्बम फेका. त्यातली बाकीची नाणी आजच बाहेर काढा.