वेग आहे, पण कुठल्या दिशेने?

'कंपनीने एकदा वेग पकडला की यश मागोमाग येतंच' हे मत मला अर्धंच पटतं. चलती असली की चांगली माणसं येतात, बँका दारात उभ्या राहतात, चुकाही खपून जातात. खरी गोम तिथेच आहे. कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीतल्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची, पण चालत होता! फिल्मवरचा नफा मात्र इतका घसघशीत होता की त्या धंद्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

घसरण लागली की उलटं चक्र. हुशार माणसं आधी सटकतात, उरलेली अंग राखून काम करतात, मीटिंगा वाढतात (हे हमखास लक्षण).

तरी ते फिरवता येतं. १९९७ मध्ये ॲपल डबघाईला आली होती. मायक्रोसॉफ्टचे १५ कोटी डॉलर आले हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्झने उत्पादनांची खोगीरभरती छाटली. पुढच्याच वर्षी आयमॅक हा संगणक चालला. आयपॉड, आयफोन वगैरे नंतरच्या गोष्टी.