‘उदयोन्मुख प्रदूषके’ : हा शब्द तुम्हाला खटकत नाही का?

शाईचा डाग : एका अहवालाचं मराठीकरण करतोय. पाण्यात हल्ली सापडू लागलेले औषधांचे अंश, पीफास (सहजी न विघटणारी मानवनिर्मित रसायनं) वगैरेंना सगळीकडे ‘उदयोन्मुख प्रदूषके’ म्हटलेलं दिसतं. उदयोन्मुख गायिका, उदयोन्मुख फलंदाज... शाल-श्रीफळ द्यायचं का यांना? दुसरा शब्द सुचवा.

ताम्हण : सरळ ‘नवप्रदूषके’ म्हणा की.

घाटवाट : नव कसली? डायक्लोफेनॅक घ्या. १९७०च्या दशकापासून माणसं सांधेदुखीवर घेताहेत. पुढे गुरांनाही टोचू लागले. मेलेल्या गुराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. चिरून बघितलं तर काळीज-यकृतावर चुना फासल्यासारखा युरिक आम्लाचा पांढरा थर. हे कोडं सुटलं २००४मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. भारतात गुरांसाठी बंदी आली २००६मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. औषध जुनंच, कळलं उशिरा.

शाईचा डाग : मग ‘नवज्ञात’?

ताम्हण : छापखान्यात त्याचं ‘नवजात’ होईल, लिहून ठेवा.

घाटवाट : ‘नव्याने लक्षात आलेली प्रदूषके’ लिहा. लांबडं आहे, पण खोटं नाही.

शाईचा डाग : पटलं. आणखी एक अडचण. मूळ मजकुरात दोन वेगळे शब्द आहेत आणि मी दोन्हीकडे ‘धोका’ लिहून बसलोय. एक पदार्थाच्या अंगच्या गुणाबद्दल, दुसरा प्रत्यक्षात बाधा होण्याच्या शक्यतेबद्दल.

घाटवाट : पहिल्याला ‘अपायकारकता’, दुसऱ्याला ‘जोखीम’. आमची आजी एसटीत बसताना पदर ओढून घ्यायची, म्हणायची, “अंगावर जोखीम आहे.” म्हणजे दागिने. तेच दागिने घरात पेटीत असले की तिचा जीव थाऱ्यावर. डायक्लोफेनॅक कपाटातल्या गोळीतही गिधाडाला अपायकारकच, पण जोखीम मढ्यातून त्याच्या पोटात जाण्यात. आणि तीही केवढ्याशा प्रमाणात! शंभरात एकाहून कमी मढ्यांत औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असा हिशेब संशोधकांनी मांडला होता. पाण्याचं गणित साधं असतं : सापडलेलं प्रमाण भागिले निरुपद्रवी मानलेलं प्रमाण. उत्तर १च्या वर गेलं की काळजी.

ताम्हण : म्हणजे जोखीम जोखायची. छान जमतंय.

शाईचा डाग : शेवटचं. तक्त्यात काही रकान्यांत ‘आढळले नाही’ आहे. तिथे ‘निरंक’ चालेल ना? सुटसुटीत आहे.

घाटवाट : अजिबात नको! निरंक म्हणजे शून्य. इथे अर्थ एवढाच की यंत्राला दिसलं नाही. अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या दोन पीफाससाठी लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्राम ही मर्यादा ठरवली. तुमच्या प्रयोगशाळेचं यंत्र समजा १०च्या खालचं टिपतच नसेल, तर पाण्यात ८ असले तरी रकान्यात ‘आढळले नाही’च येणार. ‘शोधमर्यादेखाली’ लिहा आणि ती मर्यादा किती, तेही शेजारी छापा.